उजव्या हाताची चाल

आमच्यात डाव्या हातानं मात देत नाहीत. प्रसाद डाव्या हातानं देत नाहीत, पैसे देत नाहीत, तशीच मातही नाही. हे कुठल्या नियमांच्या पुस्तकात सापडायचं नाही, हे आमच्या अण्णांच्या ओट्यावरचं आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. ते म्हणायचे, बाकीच्या चाली कुठल्याही हातानं करा, हवं तर पायानं करा, पण समोरच्याचा राजा घ्यायचा तो उजव्या हातानं, मान राखून.

अण्णांनी नीट शिकवलं असं दोघांनाच. एक मी, आणि दुसरा म्हैसूरमधल्या आमच्या मंडी मोहल्ल्याच्या गल्लीतलाच एक मुलगा, माझ्याहून बराच मोठा. त्याला मी दादा म्हणते. रक्ताचं नातं काही नाही, पण ज्याच्याशी चाळीसएक वर्षं भांडलो त्याला आणखी काय म्हणणार? त्याचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या घोडदळात शिपाई होते म्हणे. “आमच्या रक्तातच घोडा आहे” असं म्हणून तो पटावरचा घोडा असा काही नाचवायचा की समोरच्याला घाम फुटावा. नोकरी केली पिरियापट्टणच्या तंबाखूच्या गोदामात. आयुष्यभर तंबाखूच्या वासात राहिला, पण विडीला हात लावला नाही. व्यसन एकच. शनिवारी घरी आला की पिशवी टाकून पहिला ओट्यावर.

ओट्यावर आणखी दोन गोष्टी होत्या, त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली, प्यादेमात. वजिरानं मात केली तर अण्णा नुसते हुं म्हणायचे. “हत्ती आणून मुंगी मारलीस, त्यात काय?” पण साध्या प्याद्यानं, पटावरच्या सगळ्यात गरीब सोंगटीनं राजा कोंडला, तर तो खरा खेळाडू. आणि ज्यानं प्यादेमात खाल्ली त्यानं पुढच्या वेळी जिंकणाऱ्याच्या घरी जाऊन आपल्या हातानं पट मांडून द्यायचा. दादानं गावातल्या मोठमोठ्यांना प्यादेमात दिली. मला मात्र एकदाही देता आली नाही. मीही त्याला नाही. हे त्याच्या मनात किती होतं ते मला पुढे कळलं.

दुसरी गोष्ट तलकाड. एखादी सोंगटी आपल्याच प्याद्यांमागे अडकून निकामी झाली की अण्णा म्हणायचे, “ही गेली तलकाडला.” तिथं देवळं वाळूत पुरली गेलीत ना, तशी. आम्ही दोघं अजूनही तसंच म्हणतो. स्पर्धेत शेजारच्या टेबलावरचे आमच्याकडे बघत राहतात.

मी कॉलेजात गणित शिकवते. स्वभाव तापट, नाकावर राग, हे विद्यार्थी सांगतील. दादाही काही कमी नाही. दोघंही अजून स्पर्धा खेळतो, आणि म्हैसूर-मंड्याच्या बाजूला आमचं नाव यादीत दिसलं की तरुण पोरं तोंड वाकडं करतात. ही काही फुशारकी नव्हे. मला त्या दिवसाचं सांगायचंय, म्हणून आम्ही कोण ते सांगितलं.

गेल्या वर्षी एका सकाळी दादाच्या उजव्या हातातून कॉफीचा पेला खाली पडला. वहिनींना वाटलं गरम लागला असेल. बघतात तर हा हाताकडे टक लावून बसलाय आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. डॉक्टरकडे पोचेपर्यंत सगळं जागेवर आलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर अडलं होतं. ही सूचना समजा. पुन्हा हात ढिला पडला, जीभ जड झाली, तर एक मिनिट घालवायचं नाही, उचलून आणायचं. गोळ्या रोज. आणि डोक्याला ताण नको, स्पर्धा तर नकोच.

“ताण कसला?” दादा म्हणाला. “बुद्धिबळ खेळतो, निवडणूक लढवत नाही.”

गोळ्या घ्यायचा, नाही असं नाही. पण डाव असेल त्या दिवशी नाही. गोळीनं म्हणे डोक्यावर ओलं पोतं टाकल्यासारखं होतं, तीन चालींच्या पुढचं दिसत नाही. वहिनींनी रागावून पाहिलं, रडून पाहिलं. गाढवापुढे वाचली गीता.

आमच्या भागातल्या एका छत्रात, म्हणजे लग्नाच्या कार्यालयात, स्पर्धा होती. शेवटच्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

“आज परत गोळी घेतली नाही. ‘बेड, बेड’ म्हणाला, नको म्हणजे नको. तू तिथं असतेस. त्याच्या हाताकडे लक्ष ठेव बाई. काही दिसलं तर उठव. डाव-बीव बघू नकोस, ओढून उठव. माझं नाही ऐकत तो, तुझं तरी ऐकेल.”

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि शेवटच्या फेरीच्या जोड्या पाहिल्या. माझ्यासमोर दादाच होता.

छत्राच्या दारात तो कॉफी पीत उभा होता. पेला डाव्या हातात होता. माझं लक्ष गेलं, पण उजव्या हातात पिशवी होती, म्हणून मी पुढे काही मनात आणलं नाही. मला बघून म्हणाला, “हिचा फोन आला होता, अल्वा? हो ना?”

“आला होता. गोळी का घेतली नाहीस?”

“डाव झाल्यावर घेतो.” मग थोडं खाली वाकून, हळू आवाजात, “हे बघ. सरळ खेळ. माझी कीव येऊन डाव सोडलास तर मला कळेल. आणि कळलं तर माझ्या घराची पायरी चढायची नाही. आयुष्यात नाही. सांगून ठेवतो.”

“बरं बरं, मोठा आलास,” मी म्हटलं. पण तो हसला नाही. त्याची धमकी मला ठाऊक आहे. सख्ख्या भावाशी एका डावावरून तो सात-आठ वर्षं बोलला नव्हता.

हॉलच्या चौकटीला आदल्या लग्नाची प्लास्टिकची आंब्याची पानं अजून लटकत होती. आत शांतता. बुद्धिबळाच्या हॉलमधली शांतता देवळातली नसते, परीक्षेच्या हॉलमधली असते. प्रत्येकजण स्वतःपुरता. फोन बाहेरच्या टेबलावर जमा करायचे, डाव संपल्यावरच परत मिळतात. दादाकडे पांढऱ्या सोंगट्या आल्या. आम्ही हात मिळवले. त्याचा हात गार होता, पण त्याचा हात कायमच गार.

सुरुवात आम्ही दोघांनी झोपेतही खेळली असती. मग हळूहळू डाव चढत गेला. मी माझा हत्ती त्याच्या मुलखात खोल घुसवला. चाल चांगली होती, अजूनही म्हणते, चांगली होती. दादा बराच वेळ विचार करत बसला. मग त्यानं उजव्या हातानं उंट हलवला, आणि घड्याळ मात्र डाव्या हातानं दाबलं.

आता खेळणाऱ्याला हे लगेच खुपतं. नियम आहे, ज्या हातानं चाल त्याच हातानं घड्याळ. नवखी पोरं घाबरली की हात बदलतात. दादा कधी नाही. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बसली वर्मी! माझा हत्ती बघून घाबरलाय. मला आनंद झाला. खेळणाऱ्यांची ही खोडच आहे. समोरचा खोकला तरी आम्हाला वाटतं, आमच्या चालीवर खोकला.

पुढच्या चालीलाही तेच. पंच फिरत फिरत आले. वयानं तरुण, कोट घातलेला, फार शिस्तीचा माणूस. त्यांनी वाकून कन्नडमध्ये सांगितलं, “सर, एकाच हातानं. पुन्हा झालं तर दंड करावा लागेल.” दादानं मान हलवली. त्यानंतर त्यानं सगळंच डाव्या हातानं सुरू केलं. सोंगटी डाव्यानं, घड्याळ डाव्यानं. नियमात अगदी चोख बसत होतं. पंच समाधानानं पुढे गेले.

माझ्या काळजाचं मात्र पाणी पाणी झालं. हा माणूस रिक्षावाल्याला दहाची नोट डाव्या हातानं देत नाही. मी पहिल्यांदा पटावरची नजर काढून त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेला उताणा पडला होता, दुसरंच कुणी विसरून गेल्यासारखा.

“दादा,” मी हळूच म्हटलं, “बरोबरी?”

त्यानं वर पाहिलं. “आत्ता? मी वर असताना?”

वर होताच तो. माझा हत्ती घुसवताना मागचं प्यादं सुटलं होतं आणि त्यानं ते अचूक टिपलं होतं. मी म्हटलं, “हात बघ तुझा.”

“मुंग्या आल्यात. बसून बसून. सुम्ने खेळ.” गप्प खेळ म्हणाला, पण ‘सुम्ने’मधला स जड निघाला. तोंडात गूळ असल्यासारखा.

मी उठले आणि पंचांकडे गेले. म्हटलं, त्यांची तब्येत ठीक नाही, आधी एकदा असंच झालंय, दवाखान्यात न्यायला हवं. पंच आले, वाकले, विचारलं, “सर, बरं आहे ना?” दादानं पाण्याचा घोट घेतला, नीट सावकाश, आणि शब्द निवडून निवडून म्हणाला, “मी जिंकतोय. तिला बरोबरी पाहिजे.”

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. ते हसले नाहीत, पण हसू दाबलेलं मला दिसलं. आजूबाजूच्या टेबलांवरच्या दोघा-तिघांनीही माना वर करून पाहिलं. हरायला आलेली बाई काय काय करते, असंच सगळ्यांच्या तोंडावर होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं सगळ्यांनी मलाच चोर ठरवलं होतं! अंगाची लाही लाही झाली माझी.

मी बसले. चाल केली. पुन्हा म्हटलं, बरोबरी. त्यानं मान हलवली. आणखी एक चाल, पुन्हा बरोबरी. तिसऱ्यांदा त्यानं स्वतःच डावा हात वर करून पंचांना बोलावलं. पंच मला म्हणाले, “मॅडम, सारखं सारखं विचारणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं. नियम आहे.” आणि दंड म्हणून त्यांनी दादाच्या घड्याळात वेळ वाढवून दिला. म्हणजे काय झालं बघा. मी त्याला तिथून उठवायला निघाले, आणि त्याला तिथं बसायला आणखी वेळ मिळाला.

मग डाव सोडायचा. एवढंच उरलं होतं. राजाला हात लावायला मी हात पुढे केला. दादानं मान वर न करता एकच शब्द म्हटला.

“पायरी.”

हात तिथंच थांबला माझा. इकडे आड, तिकडे विहीर. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक मन होतंच. खरंच मुंग्या असतील तर? शब्द तर बोलतोय, चाली तर अशा करतोय की माझ्यासमोर पंधरा वर्षांत कुणी केल्या नाहीत. ज्याचं डोकं बिघडलंय तो असं खेळेल? आज मला कळतं, त्या रोगाला चालींशी काही देणंघेणं नव्हतं. तो हात घेऊन चालला होता, डोक्यातला पट त्यानं तसाच ठेवला होता.

त्यानंतर त्यानं जे केलं त्यानं मी हबकलेच. हत्तीनं हत्ती मारला असता तर डाव संपला असता. शाळकरी पोरालाही दिसेल असं होतं ते. मीही हात मिळवून उठले असते, कीव नाही काही नाही, रीतसर हरून. पण त्यानं हत्ती मारला नाही. डाव्या हातानं घोडा उचलला आणि लांबून वळसा घालून माझ्या राजाकडे निघाला. मागून त्याचा स्वतःचा राजा चालत आला. पुढे एक प्यादं.

मला कळलं हा कुठं निघालाय.

अस्सा राग आला म्हणून सांगू! अरे, इथं तुझा हात मेलाय, जीभ जडावलीय, घरी ती बाई देवापुढे बसलीय, आणि तुला प्यादं पाहिजे? चाळीस वर्षं राहिलेलं ते एक प्यादं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. टेबल उलथून टाकावंसं वाटलं. त्याच्या तोंडाच्या एका कोपऱ्यातून पाण्याची बारीक धार हनुवटीवर आली होती आणि त्याला ती कळत नव्हती. मला रडू यायला लागलं. खूप भीती वाटली.

मग मी ठरवलं, बाबा, घे. डाव सोडला तर तुझी पायरी मला बंद व्हायची, आणि वर तू भांडत इथंच बसशील. त्यापेक्षा तुला पाहिजे ते घे आणि ऊठ. सगळ्यात जवळची वाट तीच आहे.

त्यानं घोड्यानं शह दिला. माझ्या राजाला दोनच घरं होती. एक बाहेरचं, जिथून मी अजून बराच वेळ पळाले असते. दुसरं कोपऱ्यातलं. कोपऱ्यात गेलं की पळायला घर नाही. घोडा आणि त्याचा राजा वाटा धरून उभे, प्यादं एक घर पुढे सरकलं की मात. मी क्षणाचाही विचार न करता राजा कोपऱ्यात ठेवला आणि घड्याळ दाबलं.

“घे,” मी म्हटलं. “घे आणि ऊठ.”

दादानं वर पाहिलं. त्याला हसू आलं. पण अर्धाच चेहरा हसला. दुसरा अर्धा तसाच खाली लोंबत राहिला.

आणि मग त्यानं पटावरून डावा हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

मला एकदम समजलं तो काय करतोय. मात डाव्या हातानं देत नाहीत. त्यानं उजवा खांदा उचलला. खांदा उचलला गेला, हात नाही. पुन्हा खांदा उचलला. हात टेबलावर उताणा, बोटंसुद्धा हलली नाहीत. तो हाताकडे बघायला लागला. रागावून नाही. पिरियापट्टणची बस का आली नाही म्हणून रस्त्याकडे बघावं तसं. त्याचं घड्याळ चालू होतं.

“डाव्या हातानं कर!” मी ओरडले. भर हॉलमध्ये, अगदी वर्गात ओरडते तशी. “दादा, डाव्या हातानं कर रे! चालतं! अण्णा काही म्हणणार नाहीत!”

पंच धावत आले. समोरच्याला चाल सांगणं म्हणजे मोठा गुन्हा, ते मलाच गप्प करायला आले होते. “मॅडम, मॅडम...” मी घड्याळ थांबवलं, राजा आडवा केला आणि कन्नडमध्ये किंचाळले, “गाडी तन्नी! गाडी!” गाडी आणा म्हणून. तेव्हा पंचांनी पहिल्यांदा पटाऐवजी माणसाकडे पाहिलं. बरं झालं पाहिलं, कारण दादा तोवर खुर्चीतून उजवीकडे कलत होता, आणि त्याला धरलं ते त्यांनीच.

गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो काहीतरी म्हणत होता, शब्द लागत नव्हते. मला फक्त एक प ऐकू आला. प्यादं म्हणत होता की पायरी, कोण जाणे.

जगला. उजवं अंग गेलं, वाचा हळूहळू बरीचशी परत आली. डॉक्टरांनी मला विचारलं, कधी सुरू झालं हे? मी म्हटलं, घड्याळ डाव्या हातानं दाबलं तेव्हापासून. त्यांना त्यातलं काय समजणार. “लवकर आणायला हवं होतं,” एवढंच म्हणाले. वहिनी मला एक उणा शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. त्यांनी मला डबा उघडून दिला आणि म्हणाल्या, खा, सकाळपासून काही खाल्लं नाहीस.

नियमाप्रमाणे डाव मी सोडला होता, म्हणून तो जिंकला. पहिलं बक्षीसही त्याचंच. करंडक त्यांच्या फ्रिजवर आहे.

तो घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी गेले. रीतीप्रमाणे पट मांडायला. बघते तर पट मांडलेलाच. त्यानं वहिनींना एकेक घर सांगून तोच डाव मांडून घेतला होता, माझा राजा कोपऱ्यात, त्याचं प्यादं एक घर मागे. मी म्हटलं, “उचलते हे. नवा मांडून देते. प्यादेमात खाल्लीय मी.”

“कुठं खाल्लीस?” तो म्हणाला. “अजून दिली कुठं? तू राजा आडवा केलास तो मी धरत नाही.”

“दादा, साकु आता. पुरे.”

“हात गेलाय तलकाडला.” उशीवर ठेवलेल्या हाताकडे त्यानं हनुवटीनं दाखवलं. “तिथली देवळं काढतात ना मधून मधून वाळूतून? हापण निघेल. तोवर हात लावायचा नाही.”

तेव्हा मला हसू आलं. चला, पीळ शाबूत आहे, म्हटलं. व्यायाम शिकवायला माणूस यायचा, त्याला हा विचारायचा, चिमटीत लाकडी सोंगटी धरायला किती दिवस लागतील? मी दर रविवारी जायची. तो खुर्चीत, पट मध्ये, मी समोर. तो खांदा उचलायचा. मी बघत बसायची. उन्हाळा गेला, पाऊस गेला, दसऱ्याची गर्दी येऊन गेली. हात उशीवर होता तिथंच होता. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आता यायचा नाही. आणि दुसरा झटका आला तर मात्र काही हातात राहणार नाही, गोळी एक दिवस चुकवू नका.

मागच्या महिन्यात एका रविवारी वहिनी मला दारातच भेटल्या. पदर तोंडाला लावून.

“आजही घेतली नाही गोळी.”

“आजही म्हणजे?”

“रविवारी घेतच नाही. मला काल कळलं, गादीखाली सापडल्या. मी विचारलं तर म्हणतो, रविवारी ती येते. रविवारी डाव असतो ना.”

 म्हणजे डाव संपलाच नव्हता. मी घड्याळ थांबवलं असं मलाच वाटत होतं. आणि दर रविवारी मीच त्याच्या समोर जाऊन बसत होते.

आत गेले. तो तयारच होता, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. “बस,” म्हणाला.

मी बसले नाही. उभ्यानंच माझा उजवा हात पुढे केला, त्याचं प्यादं उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. माझ्या राजाच्या अंगावर.

“मात,” मी म्हटलं. “झाली मात. प्यादेमात. उजव्या हातानं. डाव संपला दादा, आता गोळी घे.”

तो पटाकडे बघत राहिला.  मला वाटलं रडतोय की काय. मग त्यानं मान वर केली, आणि या वेळी शब्द अगदी स्वच्छ निघाला, एक अक्षर जड नाही.

“पायरी.”

मी बाहेर आले. चपला घालताना आतून वहिनींचा आवाज आला, पेल्याचा आवाज आला, मग काही नाही. थोड्या वेळानं वहिनी दारात आल्या आणि मान हलवून म्हणाल्या, “घेतली.”

त्यानंतर मी आत गेलेले नाही. रविवारी जाते, पण वर चढत नाही. पायरीच्या खाली रस्त्याच्या कडेला एक दगडी कट्टा आहे, त्यावर बसते. प्यादेमात खाल्लेल्यानं पट मांडून द्यायचा असतो, म्हणून माझा पट पिशवीतून आणते आणि खालच्या पायरीवर मांडते, पांढऱ्या सोंगट्या दाराच्या बाजूला. जाणारे-येणारे बघतात, बघू देत. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज अजून तरी आलेला नाही. वहिनी बाहेर येतात, पट ओलांडून खाली उतरतात आणि सांगतात, घेतली. मग मी सोंगट्या गोळा करते आणि घरी येते.